सोलापूरच्या उन्हात डेक: लाकूड सोडून कंपोझिट घेताना

जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर 2014 साली सागवानी फळ्यांचा डेक, म्हणजे बसण्या-वावरण्यासाठी फळ्यांची जमीन, केला. दहा बाय बारा फुटांचा. पहिली दोन वर्षं तो इतका देखणा दिसायचा की आलेल्या पाहुण्याला चहा खाली दिलाच जात नसे. दर दिवाळीआधी फळ्या घासून तेल द्यायचो. तिसऱ्या उन्हाळ्यात चिरा पडल्या. पाचव्या वर्षी पाण्याच्या टाकीजवळच्या दोन फळ्या खालून मऊ झाल्या. सातव्या वर्षी एक फळी करकरायला लागली म्हणून उचलली, तर खालची आधारपट्टी हातात चुरली. कठड्याच्या भेगेतून वाळवी चढली होती आणि वरून तिचा मागमूसही नव्हता.

त्या जागी आम्ही कंपोझिटचा, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्यांचा, डेक बसवला. त्यातही पहिल्या खेपेला रंग चुकला, ते पुढे सांगतो. आता ओळखीतलं कुणी घर बांधायला काढलं की डेकबद्दल विचारायला येतं, आणि प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो: निगा कमी लागते ती फळीमुळे नव्हे, फळीखाली काय आहे आणि फळीवर ऊन किती आहे यामुळे. महागडी फळी चुकीच्या सांगाड्यावर बसवली तर ती साध्या लाकडापेक्षा जास्त त्रास देते. पहिल्यांदाच हे काम काढणाऱ्यांसाठी, कामाच्या क्रमानेच लिहितो.

पहिलं काम: जागा बघा

गच्ची, बाल्कनी, अंगण आणि शेतघराचा ओटा या चार जागांचे प्रश्न वेगवेगळे आहेत.

गच्ची असेल तर आधी छत कशाचं आहे ते बघा. शहराच्या जुन्या पेठांत आणि आसपासच्या गावांत अजून माळवदाची घरं आहेत. लाकडी तुळया, त्यावर माती. अशा छतावर डेक घालू नका. वजन हा एक भाग झाला. माळवदाला दरवर्षी वरून माती-चुन्याची डागडुजी लागते, आणि फळ्यांनी ती जागाच झाकून जाते. आरसीसी स्लॅब असेल तर सहसा अडचण येत नाही. 25 मिलिमीटर जाडीच्या भरीव कंपोझिट फळीचं वजन चौरस मीटरला तीसेक किलो भरतं, वर सांगाड्याचं थोडं. वापरातल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात, म्हणजे आयएस 875 च्या दुसऱ्या भागात, चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन म्हणजे सुमारे 150 किलो भार धरलेला असतो. डेक त्यात बसतो. पण त्याच डेकवर मातीने भरलेल्या मोठ्या कुंड्यांची रांग, झोपाळा आणि टाकी असं सगळं येणार असेल, किंवा स्लॅबची सळई उघडी पडलेली असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

शेतघराचा किंवा बंगल्याच्या अंगणातला डेक जमिनीवर येतो, आणि आपली जमीन काळी आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर थेट ठेवलेले ठोकळे एका वर्षात वर-खाली होतात आणि डेक डोलायला लागतो. काळी माती काढून खाली मुरूम लागेपर्यंत जा, मुरूम भरून धुमसून घ्या, त्यावर काँक्रीटचा पातळ थर टाका आणि मगच सांगाडा ठेवा. डेकच्या उघड्या बाजूंना बारीक जाळी लावा. सावलीची, कोरडी पोकळ जागा विंचवाला आणि उंदराला फार आवडते, उंदरामागे सापही येतो. मात्र जाळीतून वारा खेळला पाहिजे. तिथे विटा लावून बंद करू नका.

भाड्याच्या फ्लॅटची बाल्कनी असेल तर फळ्यांच्या मागे लागू नका. एक फूट बाय एक फुटाच्या, एकमेकींत अडकणाऱ्या डेक टाइल्स मिळतात. खाली प्लास्टिकची जाळी असते, पाणी वाहतं, आणि घर सोडताना उचलून नेता येतात.

अंगणात नुसतं बसायला सपाट जागा हवी असेल, तर शहाबादी फरशी अजूनही उत्तम आहे. आपल्याकडे ती शेजारच्या जिल्ह्यातून येते, स्वस्त पडते, आणि तिला वाळवी लागत नाही. ज्याला पायाखाली लाकडाचा स्पर्श हवा आहे किंवा ओबडधोबड गच्ची झाकायची आहे, त्यानेच डेकवर पैसे घालावेत.

दुसरं: कंपोझिट म्हणजे काय ते समजून घ्या

लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून साच्यातून फळी काढतात. त्यात निम्म्याच्या आसपास, कधी जास्त, लाकडाची पूड असते. उरलेल्यात बहुतेक पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा पीव्हीसी, आणि थोडं रंगद्रव्य, उन्हापासून वाचवणारं रसायन आणि दोघांना धरून ठेवणारा चिकट घटक. बाजारात याला डब्ल्यूपीसी, म्हणजे वुड-प्लास्टिक कंपोझिट, म्हणतात.

इथेच नवखा माणूस फसतो. आपल्याकडे डब्ल्यूपीसी म्हटलं की दुकानदार दाराची चौकट, किचनच्या कपाटाचा शीट किंवा हॉलच्या भिंतीचा पट्ट्यापट्ट्यांचा पॅनेल दाखवतो. तो माल बहुधा पीव्हीसीचा फोम असतो आणि घराच्या आतल्या कामासाठी बनवलेला असतो. गच्चीवर तो पहिल्याच उन्हाळ्यात वाकतो. दुकानात गेल्यावर “बाहेरच्या डेकिंगची फळी” असं स्पष्ट मागा आणि माहितीपत्रकात ती बाहेर वापरायची असल्याचं लिहिलेलं बघा. युरोपातलं ईएन 15534 किंवा अमेरिकेतलं एएसटीएम डी7032 या मानकाचा उल्लेख असला तर चांगलं.

डेकिंगच्या फळ्यांचे दोन प्रकार आहेत. साध्या फळीत बाहेरून आतपर्यंत एकच मिश्रण असतं. ती स्वस्त असते, पण रंग लवकर उडतो, तेलाचा डाग आत उतरतो आणि सावलीच्या ओल्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. दुसरी आवरण असलेली, म्हणजे कॅप्ड. तिच्यावर निव्वळ प्लास्टिकचा कडक थर असतो. मी कॅप्डच घ्यायला सांगतो, आणि तिच्यातही चारही बाजूंनी आवरण असलेली. काही फळ्यांना वरच्या बाजूलाच थर असतो आणि खालची बाजू उघडी असते. ओल तर खालूनच लागते.

भरीव की पोकळ? पोकळ फळी हलकी आणि स्वस्त. सावलीतल्या बाल्कनीला चालते. गच्चीसाठी भरीव घ्या. पोकळ फळीच्या टोकातून आत पाणी जातं, धूळ जाते, गांधीलमाशी घर करते. टोकाला बसवलेली झाकणं आमच्या शेजाऱ्यांकडे दोन पावसाळ्यांत निघून गेली.

लाकूड कुठे हरतं, कुठे जिंकतं

आपल्या हवेत लाकडाला सगळ्यात मोठा त्रास एकाच वर्षातल्या टोकांचा होतो. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकडातलं उरलंसुरलं पाणी निघून ते आक्रसतं. मग वळवाच्या सरी येतात, पुढे सप्टेंबरचा जोरदार पाऊस, आणि तेच लाकूड फुगतं. ही ओढाताण दरवर्षी. उन्हातले अतिनील किरण लाकडाचा वरचा थर कुरतडतात, म्हणून सागसुद्धा तेल न दिल्यास करडा पडतो. सागात नैसर्गिक तेल असल्याने वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही. पण हल्ली मिळणाऱ्या फळीत बाहेरचं पांढरं लाकूड बरंच असतं, आणि खालच्या पट्ट्या सुतार बहुधा स्वस्त लाकडाच्या घालतो. आमच्याकडे वाळवी तिथूनच आत आली.

कंपोझिटमध्ये भुश्याचा कण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, म्हणून वाळवीला फारसं काही सापडत नाही. पाण्याने फुगणं किरकोळ. तेल, पॉलिश, रंधा काहीच नाही. कुसळ पायात जात नाही, आणि लहान मुलं असलेल्या घरात हा मोठा दिलासा असतो.

लाकूड मात्र एका बाबतीत सरळ पुढे आहे: ते कमी तापतं. शिवाय लाकडाला ओरखडा पडला तर घासून काढता येतो, कॅप्ड कंपोझिटला पॉलिश पेपर लावला की आवरणच निघतं. जुन्या वाड्यातल्या सागाच्या तुळया कापून फळ्या करायला मिळत असतील, डेक सावलीत असेल आणि वर्षाला एक रविवार त्याच्यासाठी काढायची हौस असेल, तर खुशाल लाकूड घ्या.

तिसरं, आणि सोलापुरात सगळ्यात मोठं: रंग आणि सावली

आम्ही पहिल्यांदा अक्रोडी रंगाची गडद फळी घेतली. शोरूमच्या एसीत ती अप्रतिम दिसत होती. ऑक्टोबरात बसवली, थंडीभर संध्याकाळी वर बसलो, खूश होतो. मार्चच्या शेवटी शेजारच्या काकू सांडगे घालायला वर आल्या आणि दोन पावलांत परत फिरल्या. “पाय ठेवू देईना की ओ ही फळी!” दुपारचे बारासुद्धा वाजले नव्हते.

गडद कंपोझिट फळी कडक उन्हात 60 अंशांच्या पुढे सहज जाते. त्या तापमानावर अनवाणी पाय काही क्षणांत भाजतो. लाकूड हलकं आणि उष्णता हळू सोडणारं, म्हणून तेवढ्याच उन्हात ते पायाला सुसह्य लागतं. कंपोझिट घट्ट असल्याने साठवलेली उष्णता पायात लवकर उतरवतं, आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ तापलेलं राहतं. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, काठीची सावली काठीखालीच पडते. तेव्हा कठड्याच्या सावलीचाही उपयोग होत नाही. थंड देशांतल्या फोटोंत दिसणारा काळपट डेक पाहून इथे रंग निवडू नका.

फिकट करडा, वाळूचा रंग, फिकट सागवानी यांतलं काहीतरी घ्या. फिकट फळीही तापते, पण फरक पायाला कळतो. काही कंपन्या उष्णता परतवणारं आवरण असलेली फळी विकतात. तीसुद्धा नमुना उन्हात ठेवून, हात लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

रंगापेक्षाही सावलीचा उपयोग जास्त होतो. डेकच्या बजेटमध्येच सावलीचे पैसे धरा. लोखंडी पाइपचा साधा मांडव आणि त्यावर शेडनेट, किंवा मधुमालतीचा वेल. आम्ही दुसऱ्या खेपेला फळ्या बदलल्या तेव्हा डेक बारा फुटांऐवजी दहाच फूट लांब ठेवला आणि वाचलेल्या पैशात मांडव घातला. मला तो निर्णय आजही सगळ्यात चांगला वाटतो. सावली असलेल्या फळीचा रंगही जास्त टिकतो.

समोरच्या इमारतीला आरशासारख्या काचा असतील तर त्यांचं परावर्तन डेकच्या कुठल्या भागावर पडतं ते एक दिवस बघा. एकवटलेल्या परावर्तनाने प्लास्टिकयुक्त फळी मऊ होऊन वाकल्याचं जगभर आढळलं आहे. होटगी रोडला आता अशा काचेच्या इमारती वाढत आहेत.

आणि सगळी गच्ची झाकू नका. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाची मिरची वाळवायला मोकळी जागा लागतेच. उन्हाळ्याच्या रात्री गादी टाकायला तर मोकळ्या गच्चीसारखं सुख नाही, पाणी शिंपडलं की ती लवकर निवते. आम्ही एक तृतीयांश गच्ची मोकळी ठेवली. टाकी, सोलर हीटर आणि पावसाच्या पाण्याची नळी यांच्याभोवतीही जागा सोडा. तिथे प्लंबर येणार, आणि तो येईल तेव्हा फळ्या उचलायला लागू नयेत.

चौथं: नमुना घरी आणा

वीतभर तुकडा मागा. चांगला विक्रेता नाही म्हणत नाही. कापलेल्या बाजूकडे बघा: मिश्रण एकसारखं दिसलं पाहिजे, बुडबुडे किंवा भेगा नकोत, आवरण कडेने सुटलेलं नको. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, तीन-चार दिवस बादलीत बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. चांगल्या फळीत जेमतेम फरक पडतो. नंतर त्यावर हळदीचं तेल आणि शेंगाचटणीचं तेल सांडून रात्रभर ठेवा, सकाळी साबणाने धुवा. किल्लीने ओरखडा काढा. ओली करून अनवाणी उभे राहा, घसरते का बघा. शेवटी दुपारी दोन वाजता उन्हात ठेवून हात लावा. एवढं केल्यावर विक्रेत्याच्या बोलण्याची फारशी गरज उरत नाही.

पाचवं: सांगाडा

पैसे वाचवायचे तर फळीत वाचवा, इथे नको.

काम सुरू व्हायच्या आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग तपासा. कोब्याला किंवा चायना मोझॅकला चिरा असतील तर आत्ताच दुरुस्त करा, पाण्याच्या नळ्या बोळा घालून बंद करा आणि गच्चीवर 24 ते 48 तास पाणी साठवून खाली ओल येते का बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ही चाचणी टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याने करावी लागेल, तरी करा. डेक बसल्यावर गळती सुरू झाली तर सगळं उचलावं लागतं.

मग ठणकावून सांगा: स्लॅबमध्ये ड्रिल मारायचं नाही. फॅब्रिकेटरला सवय असते, पाइप हलू नये म्हणून तो पटकन चार बोल्ट ठोकतो. प्रत्येक बोल्ट म्हणजे वॉटरप्रूफिंगला एक भोक. सांगाडा रबरी पॅडवर किंवा उंची कमी-जास्त करता येणाऱ्या प्लास्टिकच्या पायांवर ठेवायचा, आडव्या पट्ट्यांनी एकमेकांत बांधायचा. वजनाने आणि चौकटीनेच तो जागेवर राहतो. वारा जोराने लागणारी उंच गच्ची असेल तर कठड्याच्या भिंतीला बाजूने आधार घ्या.

सांगाड्याला लाकूड वापरू नका, नाहीतर माझी गोष्ट पुन्हा घडेल. कंपोझिटचेच आधारपट्टे मिळतात. ते पूर्ण लांबीत खाली टेकलेले असतील तरच चालतात, दोन पायांमध्ये अधांतरी ठेवले की उन्हात झोळ पडतो. गच्चीवर ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जीआय पाइप घ्या. साधा लोखंडी पाइप लाल ऑक्साइड मारून वापरतात, तो खालून गंजतो आणि पाण्याबरोबर गंजाचे ओघळ कोब्यावर उतरतात. जीआय पाइप कापला किंवा वेल्ड केला की त्या जागेचं जस्त जळतं, तिथे लगेच झिंकचा प्राइमर लावून घ्या.

पाइपांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत 300 ते 400 मिलिमीटर, म्हणजे फूट ते सव्वा फूट. नेमका आकडा फळीच्या माहितीपत्रकात असतो, तोच पाळा. आपल्या तापमानाला मी वरचा आकडा घेत नाही, 350 च्या आतच ठेवतो. कंपोझिट तापलं की लाकडापेक्षा जास्त लवचीक होतं, आणि अंतर जास्त असेल तर मधे खुर्चीचा पाय बसतो. फळ्या तिरप्या घालायच्या असतील तर अंतर 300 च्या पुढे नको.

पाइप गच्चीच्या ढाळाच्या दिशेने टाका, ढाळाला आडवे नकोत. आडवा पाइप बांधासारखं पाणी अडवतो. ढाळ 100 ला 1 तरी असावा. खाली पोकळी दीड-दोन इंच तरी असू द्या, म्हणजे वारा फिरतो आणि फळी खालून वाळते. त्या पोकळीचा एक फायदा आमच्या लक्षात नंतर आला. स्लॅबवर थेट ऊन पडत नाही, त्यामुळे डेकखालची खोली दुपारी पूर्वीइतकी तापत नाही.

सहावं: माप आणि माल

एक उदाहरण करून दाखवतो. डेक दहा बाय बारा फूट, फळी 140 मिलिमीटर रुंद आणि दहा फूट लांब, दोन फळ्यांत 5 मिलिमीटरची फट. फळ्या दहा फुटांच्या दिशेने टाकल्या की मधे जोड येत नाही. बारा फूट म्हणजे 3658 मिलिमीटर. त्याला 145 ने भागलं की 25 ओळी बसतात आणि सव्वा इंच उरतो. तिथे काठपट्टी येते. दोन फळ्या जादा, म्हणजे 27. पाइप बारा फुटांच्या दिशेने: दहा फुटांत 9 गाळे पाडले की गाळा 339 मिलिमीटरचा होतो, त्याला 10 पाइप, एकूण 120 फूट. प्रत्येक फळी प्रत्येक पाइपवर धरायची म्हणजे 250 क्लिपा, पंचवीसेक जादा. क्लिप आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, 304 दर्जाचे.

हा हिशोब कागदावर करून मगच कोटेशन मागा. एकाने सांगितलेला चौरस फुटाचा भाव नुसत्या फळीचा असतो, दुसऱ्याच्या भावात सांगाडा, क्लिप, काठपट्टी, मजुरी, वाहतूक, कर सगळं धरलेलं असतं. पुण्याहून माल येणार असेल तर तीन मीटरच्या फळ्या कशा येणार आणि तुटल्या तर कुणाच्या अंगावर, हेही लिहून घ्या. सागाशी तुलना करताना पहिल्या दिवसाचा खर्च बघू नका. सागाच्या बाजूला दहा वर्षांचं तेल, घासाई आणि सुताराची मजुरी मांडा, कंपोझिटच्या बाजूला मांडवाचा खर्च. मगच दोन्ही बेरजा शेजारी ठेवा.

वॉरंटी दहा, पंधरा, पंचवीस वर्षांची लिहिलेली असते. त्यात रंग उडणं धरलंय का, पाइपांचं अंतर किती असल्यास ती लागू राहते आणि मजुरी कोण देणार, एवढं वाचा. पक्कं बिल जपून ठेवा.

सातवं: बसवताना फट सोडा

मिस्त्रीशी वाद होतो तो इथेच. आमचा मिस्त्री हाडाचा सुतार, फळीला फळी अशी भिडवायचा की नख जाऊ नये. म्हणाला, “मालक, फट कशाला सोडायची ओ? कचरा जातंय की आत.” लाकडाच्या बाबतीत त्याचं कौशल्य खरं होतं. लाकूड रुंदीत फुगतं आणि लांबीत जवळजवळ वाढतच नाही, म्हणून सुतार टोकाला टोक बिनधास्त लावतो. कंपोझिटचं नेमकं उलटं आहे. ते उष्णतेने लांबीत वाढतं.

हिशोब असा. मीटरभर फळी एका अंशाला साधारण 0.04 मिलिमीटर वाढते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटेची थंडी 15 अंशांच्या आसपास आणि मेच्या दुपारी फळी 65 अंशांवर, म्हणजे 50 अंशांचा फरक. तीन मीटरच्या फळीला तो फरक 6 मिलिमीटरचा झाला, आपल्या भाषेत दोन सूत. ही वाढ कुठेतरी जाणार. जागा सोडली नसेल तर फळी मधे कमानीसारखी उठते किंवा क्लिप तोडते.

म्हणून भिंतीपाशी आणि कठड्यापाशी दोन्ही टोकांना 8 ते 10 मिलिमीटर सोडा. टोकाला टोक जोड असेल तर तिथेही माहितीपत्रकातल्या तापमानाच्या तक्त्याप्रमाणे फट ठेवा. जानेवारीत बसवत असाल तर फट मोठी, मेमध्ये बसवत असाल तर लहान, कारण तेव्हा फळी आधीच वाढलेली असते. जोडाखाली दोन पाइप शेजारी-शेजारी हवेत, म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतःचा आधार मिळतो. शेजारच्या दोन फळ्यांमधली फट क्लिपच ठरवते, बहुधा 5 मिलिमीटरच्या आसपास. आम्ही मिस्त्रीला प्लायचे बरोबर मापाचे तुकडे कापून दिले, प्रत्येक टोकाला ते घालून फळी बसवायची आणि नंतर काढून घ्यायचे. वाद संपला.

माल आला की एक-दोन दिवस गच्चीवरच, सावलीत, सपाट पसरून ठेवा. भिंतीला तिरक्या टेकवून ठेवलेल्या फळ्या उन्हात बाक धरतात. कापायचं काम सकाळी लवकर उरका. प्रत्येक फळी मधे एका जागी स्क्रूने पक्की करा आणि बाकी क्लिपांवर सरकती सोडा, म्हणजे ती दोन्ही टोकांकडे सारखी वाढते.

आठवं: निगा कमी, पण थोडी

रोजचा झाडू पुरतो. पूर्व भागात यंत्रमागाशेजारी घर असेल तर कापसाची तूस फटींत बसते, साखर कारखान्याजवळच्या गावात गाळपाच्या दिवसांत काजळी पडते. दोन्ही ओली व्हायच्या आत काढा. मे संपताना एकदा पातळ पट्टीने सगळ्या फटी मोकळ्या करा आणि पाण्याच्या नळीचं तोंड बघा. बोअरच्या जड पाण्याने धुतलं की पांढरे क्षाराचे डाग उमटतात. ती फळीची खोट नाही. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, साध्या पाण्याने परत पुसा आणि कोरडं करा. तेल सांडलं तर त्याच दिवशी साबणाने. तारेचा घासणीबोळा आणि ॲसिड कधीच नको.

आगीला मात्र जपा. फुलबाजीची तार, भुईचक्र, थेट टेकवलेली पणती यांनी फळीवर वितळल्याचा डाग पडतो आणि तो निघत नाही. हुरड्याची आगटी तर डेकवर किंवा डेकजवळही नको, ठिणगी उडते. आम्ही दिवाळीत पणत्या मातीच्या ताटलीत ठेवतो आणि फटाके मोकळ्या तृतीयांश गच्चीवर. कुंड्यांखाली पाय असलेल्या बशा घाला, नाहीतर गोल डाग राहतो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत रंग थोडा फिकट होईल आणि मग थांबेल. साध्या फळीत हा बदल जास्त, कॅप्डमध्ये कमी. म्हणून त्या दोन जादा फळ्या माळ्यावर टाकू नका. जिथे डेकइतकंच ऊन लागतं तिथे सपाट ठेवा, खालच्या बाजूला खरेदीचा महिना आणि बॅच नंबर लिहून. पुढे कधी फळी बदलावी लागली तर नवी फळी शेजारच्या फळ्यांच्या रंगाला जुळते.